सूर्याच्या कमरेचा ‘अव्यंग’

नाशिकरोडच्या एका वाचकाने विचारलं आहे: “सिन्नरच्या गोंदेश्वराचं पंचायतन पाहून आल्यावर सूर्यमूर्तींविषयी वाचायला घेतलं. एका वर्णनात ‘कटीस अव्यंग, पायी उपानह’ असं आहे. अव्यंग म्हणजे ज्यात व्यंग नाही ते, मग ते कमरेला कसं? छपाईची चूक का? आणि रथसप्तमीला आम्ही पाटावर सूर्य काढतो, त्याला हे दाखवायचं असतं का?”

छपाई बरोबर आहे. हे दोन निरनिराळे शब्द आहेत, फक्त दिसायला जुळे. नेहमीच्या मराठीतला ‘अव्यंग’ हे विशेषण: अ + व्यंग, बिनदोष. सूर्याच्या कमरेचा ‘अव्यंग’ हे नाम, एका खास कमरपट्ट्याचं. त्याचा व्यंगाशी काडीचा संबंध नाही.

घोटाळा वाढतो तो विषय मूर्तीचाच असल्याने. पूजेची मूर्ती अव्यंग असावी, खंडित नसावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. त्यामुळे ‘अव्यंगधारी सूर्य’ असं वाचलं तरी डोळा ‘धारी’ गाळतो आणि मूर्ती धडधाकट आहे असा अर्थ लावून पुढे सरकतो. निकाल विभक्तीवर लागतो: ‘मूर्ती अव्यंग आहे’ इथे विशेषण, ‘मूर्तीला अव्यंग आहे’ इथे नाम. लिंगाचं म्हणाल तर पट्टा, गोफ यांच्या वळणावर मराठीत हे नाम पुल्लिंगी चालवावं. माहितीफलक किंवा लेख लिहिणाऱ्यांनी पहिल्या उल्लेखात ‘अव्यंग हा कमरपट्टा’ एवढं म्हटलं की भागतं.

आता हा शब्द आला कुठून? इराणातून. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, कमरेच्या पवित्र दोऱ्याला ‘ऐव्याओंघन’ म्हणतात. त्यातला ‘ऐवि’ म्हणजे संस्कृतातला ‘अभि’, आणि पुढचा धातू कमरेला बांधण्याचा. संस्कृतात येताना उच्चार झिजला आणि ओळखीच्या ‘अव्यङ्ग’ या साच्यात बसला. परका शब्द घरच्या शब्दासारखा करून घेण्याची खोड सगळ्याच भाषांना असते. वराहमिहिर या ज्योतिषाच्या बृहत्संहितेत सूर्यमूर्तीच्या वर्णनात याच जागी ‘वियद्ग’ असं रूप मिळतं. अभ्यासक ते अव्यंगाचंच मानतात. पण अक्षरशः घेतलं तर त्याचा अर्थ ‘आकाशात जाणारा’ होतो, आणि सूर्याला तोही शोभतो! म्हणजे एकाच शब्दाला दोनदा संस्कृत पोशाख चढवून झाला.

शब्द घेऊन आले ते ‘मग’ नावाचे इराणी वळणाचे सूर्यपूजक पुरोहित. कथा भविष्यपुराणात आणि सांबपुराणात आहे. कृष्णाचा मुलगा सांब शापाने कुष्ठरोगी झाला, सूर्याच्या उपासनेने बरा झाला, आणि त्याने चंद्रभागेच्या म्हणजे चिनाबच्या काठी सूर्यमंदिर उभारलं. (आपली पंढरपूरची चंद्रभागा नव्हे.) मूर्तीची पूजा करायला अधिकारी मिळेनात, तेव्हा गरुडावर बसून तो शाकद्वीप या पुराणातल्या दूरच्या बेटावर गेला आणि मगांची 18 कुळं घेऊन आला. हे ठिकाण मूलस्थान, आजचं मुलतान, असं परंपरा मानते. तिथली सोन्याची सूर्यमूर्ती 7 व्या शतकात ह्युएनत्संग या चिनी प्रवाशाने वर्णन केली आहे. कथा बाजूला ठेवली तरी हे मग पुरोहित इतिहासात आहेतच. 6 व्या शतकातला वराहमिहिर स्पष्ट सांगतो की विष्णूच्या मूर्तीची प्रतिष्ठा भागवतांनी म्हणजे विष्णुभक्तांनी करावी, सवित्याची म्हणजे सूर्याची मगांनी. त्याच्या नावातला ‘मिहिर’ही इराणी ‘मिह्र’च. सूर्यनमस्कारात पहिल्यांदा येणारा ‘मित्र’ मात्र आपला वैदिक. तो आणि इराणी ‘मिथ्र’ एकाच मुळाचे, पण तो उसना नाही. बिहारमधल्या गोविंदपूरच्या शके 1059 च्या शिलालेखातही सांबाने आणलेल्या मगांचा उल्लेख आहे. शाकद्वीपी ब्राह्मण आणि भोजक या नावांनी ही परंपरा उत्तरेत आजही आहे.

हा पट्टा कसा असावा याचं मापच भविष्यपुराण देतं. तो कापसाच्या सुताचा, एकरंगी, आणि सापाच्या कातेसारखा आतून पोकळ. नागराज वासुकीने तो सूर्याला दिला, अशी जोडकथाही आहे. लांबी: उत्तम 200 अंगुळं, मध्यम 120, कनिष्ठ 108. अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर उत्तम अव्यंग साडेबारा फुटांचा होतो, कमरेला चारेक वेढे सहज बसतात. कनिष्ठ जेमतेम पावणेसात फुटांचा, म्हणजे दोन-अडीच वेढे. 108 च्या खाली जायचं नाही.

‘आतून पोकळ’ हे वाचून देवळालीच्या पारशी मंडळींना लगेच ओळख पटेल. त्यांची कुस्ती (कमरेचा पवित्र दोरा) नळीसारखीच विणतात आणि मग सुईने उलटी करतात. ती मेंढीच्या लोकरीची, 72 धाग्यांची, आणि कमरेला तीन वेढे घालून पुढे-मागे गाठी मारून बांधतात. अवेस्तेतल्या ज्या शब्दापासून अव्यंग आला तोच कुस्तीचाही जुना शब्द. पण म्हणून ‘मग म्हणजे पारशी’ असं म्हणायची घाई नको. पारशी गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले ते वराहमिहिरानंतर. मूळ एक, वाटा दोन.

मगांच्या सामानातले आणखीही शब्द असेच घसरडे आहेत. पूजेच्या वेळी तोंडावर बांधायच्या पट्टीला पुराणात ‘पतिदान’ म्हटलंय. ते अवेस्तेतलं ‘पैतिदान’. सत्यभामेने नारदाला केलं ते पतिदान वेगळं!

मूर्तीवर अव्यंग ओळखायचा कसा? एकटा पट्टा पाहून ठरवू नये, सगळा वेश पाहावा. वराहमिहिर सूर्याला ‘उदीच्यवेष’ सांगतो, म्हणजे उत्तरेकडच्यांचा पोशाख, पायापासून छातीपर्यंत अंग झाकलेलं. पायांत घोट्याच्या वर जाणारे जोडे (तेच उपानह), अंगात डगला, दोन्ही हातांत कमळं आणि डगल्यावरून कमरेला आवळलेला पट्टा, हा पूर्ण संच. गुजरातेत मोढेऱ्याला, सोळंकी राजा भीमदेव पहिला याच्या काळच्या 11 व्या शतकातल्या मंदिरात, बाहेरच्या भिंतीवरच्या आदित्यांना (सूर्याच्या रूपांना) जोडे आणि पट्टा दोन्ही आहेत. 13 व्या शतकातल्या कोणार्कच्या सूर्यालाही जोडे आहेत.

चूक होते ती अशी: मध्ययुगीन शिल्पात पट्ट्यावर मोत्यांच्या माळा लोंबायला लागतात आणि अव्यंग मेखलेसारखा, म्हणजे कमरेच्या दागिन्यासारखा, दिसू लागतो. अशा वेळी त्याच मंदिरातला विष्णू पाहावा. त्याच्याही कमरेला तसाच दागिना असेल तर ती त्या काळची मेखला, अव्यंग म्हणू नये. छातीखाली, बेंबीच्या वर असेल तर उदरबंध, म्हणजे पोटावरचा पट्टा. डाव्या खांद्यावरून तिरपं उतरलं तर यज्ञोपवीत, म्हणजे जानवं. दक्षिणी वळणाचा सूर्य अनवाणी असतो, कमळं खांद्याला टेकलेली आणि पोटाला उदरबंध. त्याला अव्यंग शोधत बसू नये. दख्खन दोन्हींच्या सीमेवर असल्याने आपल्याकडच्या मूर्तींत सरमिसळ होते, म्हणून इथे पायांपासून सुरुवात करणं बरं. पाय झाकलेले असण्याचं पौराणिक कारण असं की विश्वकर्म्याने सूर्याचं तेज यंत्रावर तासलं, पण पायांना हात लावला नाही. म्हणून मत्स्यपुराण सूर्याचे पाय दाखवायला बंदी करतं.

राहिला पाटावरचा सूर्य. रथसप्तमीच्या घरगुती पूजेत अव्यंगाला जागा नाही. रक्तचंदनाने किंवा रांगोळीने रथ आणि सात घोडे काढावेत, तांब्याच्या पात्रात पाणी, रक्तचंदन, अक्षता आणि लाल फूल घालून अर्घ्य द्यावं, अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवावं. स्नानाला रुईची सात पानं, कारण ‘अर्क’ म्हणजे सूर्यही आणि रुईही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात याच तिथीला मोठा उत्सव असतो. देवघरातल्या शिवपंचायतनात तर सूर्य आग्नेयेला ठेवलेला स्फटिक असतो, त्याला कमरच नाही. हौसेने मनुष्यरूपातच सूर्य काढायचा असेल आणि अव्यंग दाखवायचा असेल, तर पायांत जोडेही काढा. पट्टा उत्तरेचा आणि पाय अनवाणी, असा सूर्य कुठल्याच शास्त्रात बसत नाही.