एकाच सामुदायिक केंद्रात मुलं, ज्येष्ठ आणि बेघर कुटुंबं – एक ना धड भाराभर चिंध्या असं होत नाही का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या भागातल्या केंद्रात सकाळी ज्येष्ठांचा गट, दुपारी बेघर कुटुंबांसाठी मदतकक्ष आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग असं सगळं चालतं. त्यापेक्षा एकच काम धरून ते नीट का करत नाहीत? आणि आठवड्याचे दोन तास द्यायचे झाले तर ते कशाला द्यावेत?

मी अकरा वर्षं अशाच एका केंद्रात जाते आहे. पहिली दोन वर्षं माझंही अगदी हेच म्हणणं होतं आणि मी ते बैठकीत तावातावानं मांडायचे. जागा म्हणजे एक हॉल आणि दोन खोल्या. त्यात तीन संसार. ज्येष्ठांची तपासणी चालू असताना पलीकडे मुलांच्या नाटकाची तालीम ठेवायचा पराक्रम आम्ही एकदा केला होता. त्या दिवशी झाडून सगळ्यांचा रक्तदाब चढलेला निघाला.

माझं मत बदललं ते एका दप्तरामुळे. अभ्यासवर्गात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी यायची. दप्तर इतकं फुगलेलं की चेन अर्ध्यावर अडकलेली. बाकीची मुलं दप्तरं कोपऱ्यात फेकायची, ही मात्र मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्यावरच वही ठेवून लिहायची. एक दिवस मी जरा करड्या आवाजात म्हटलं, ‘इथे फक्त वह्या-पुस्तकं आणायची.’ झालं. पुढचे चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या गटातल्या एका आजींनी मला बाजूला घेतलं. ‘अगं, त्या पोरीच्या दप्तरात तिचे कपडे असतात. धाकट्याचेही. रात्री कुठे टेकायचं ते संध्याकाळपर्यंत ठरलेलं नसतं त्यांचं.’ आजींना हे ठाऊक होतं, कारण त्यांच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर, ते कुटुंब आठवडाभर कुणा नातेवाइकाकडे राहिलं होतं.

आता गंमत बघा. बेघर कुटुंबांचा मदतकक्ष आमच्याकडे तेव्हाही होता, आठवड्यातून दोनदा, दारावर ठसठशीत पाटी लावून. त्या मुलीची आई रोज तिला सोडायला आणि न्यायला त्या पाटीवरूनच जात होती. आत एकदाही आली नव्हती. का येईल? आपण ‘बेघर’ आहोत असं स्वतःला कोण म्हणवून घेतं? सध्या जरा अडचण आहे, पुढच्या महिन्यात काहीतरी होईल, असंच प्रत्येक जण धरून चालतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे की असं कुटुंब पाटीच्या दारानं फार क्वचित येतं. ते मुलाच्या अभ्यासवर्गातून येतं, नाहीतर एखाद्या आजींच्या कानावरून येतं. तिन्ही कामं तीन इमारतींत असती, तर त्या दप्तराचा उलगडा मला कधीच झाला नसता.

‘बेघर’ म्हटलं की डोळ्यांसमोर रस्त्यावर झोपलेला एकटा पुरुष येतो. युरोपात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या महासंघानं 2005 च्या सुमारास एक वर्गवारी मांडली. तिचे मोठे गट चार: डोक्यावर छप्परच नसलेले, छप्पर आहे पण ते निवाऱ्याचं किंवा संस्थेचं, घर आहे पण कधीही सुटेल असं, आणि घर आहे पण राहण्याच्या लायकीचं नाही असं. मुलंबाळं असलेली कुटुंबं बहुतेक शेवटच्या तीन गटांत सापडतात. कधी या पाहुण्याकडे, कधी त्या ओळखीच्याकडे, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. अमेरिकेत 1987 चा मॅक्किनी-व्हेंटो कायदा आहे. त्यातल्या शिक्षणाच्या भागात पुढे सुधारणा होत गेल्या. घर गेल्यामुळे दुसऱ्यांकडे दाटीवाटीनं राहणारं मूलही त्यात बेघर धरलं जातं. शक्य असेल तर त्याला आधीच्याच शाळेत राहू द्यायचं आणि कागदपत्रं नाहीत म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असा नियम आहे. यामागचं शहाणपण मला फार पटतं. घर गेलं की मुलाचं सगळंच हलतं: झोपायची जागा, मित्र, रस्ता, बाथरूमची वेळसुद्धा. अशा वेळी एक तरी गोष्ट जागची हलू नये.

मुलांच्या कार्यक्रमाचं काम माझ्या मते एवढंच आहे, आणि ते थोडं नाही. शाळा सुटल्यापासून आईवडील परतेपर्यंतचे जे तास असतात, त्या तासांत बसायला एक जागा, पुरेसा उजेड, पोटात काहीतरी आणि दर मंगळवारी तोच चेहरा. ‘सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असले फलक मला दिसले की मी पहिल्यांदा विचारते, रोज दार उघडतं का? खेळायचा वेळही अभ्यासाइतकाच धरा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत विश्रांती आणि खेळ यांना स्वतंत्र कलम आहे, 31 वं. पालकांना आणि देणगीदारांना मात्र गुणपत्रिका दाखवावी लागते, म्हणून खेळ नेहमी आधी कापला जातो.

ज्येष्ठांबद्दल एक गोष्ट मी उशिरा शिकले. त्यांच्या वहीत कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे महत्त्वाचं. आमच्याकडे नियम आहे: सलग दोन खेपा गैरहजर, की फोन. असाच एका आजोबांना फोन केला. मला वाटलं आजारी असतील. ते म्हणाले, ‘कानातल्या यंत्राचा सेल संपलाय. लोकांना दर वाक्याला परत सांगा म्हणायचा कंटाळा आला, म्हणून येत नाही.’ बस, इतकंच. मुलगा परगावी, दुकानापर्यंत जायचं तर दोन रस्ते ओलांडायचे. तेव्हापासून टेबलाच्या वरच्या खणात त्या इवल्याशा सेलची पाकिटं असतात. व्यायाम, तपासणी, अर्ज भरून देणं, मोबाइल शिकवणं हे सगळं ठीक आहे, पण माणूस गळतो तो अशा बारीक छिद्रांतून. आणि हा नुसता मन रमवण्याचा मामला नाही. 2010 साली 148 अभ्यास एकत्र करून, मिळून तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. एवढ्यावरून गप्पांना औषध म्हणता येणार नाही, पण वहीतल्या गैरहजेरीकडे बघायची नजर बदलते.

पुरुष ज्येष्ठ कमी येतात, ही तक्रार तुमच्या केंद्रातही असेल. ‘गप्पा गट’ म्हटलं की काका मंडळी फिरकत नाहीत. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ सुरू झाल्या. म्हणजे एक शेड, अवजारं आणि दुरुस्तीची कामं. हात कामात गुंतले की तोंड आपोआप उघडतं. आम्ही हॉलच्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले पंखे ठेवायला लागलो. तीन काका लगेच आले. पंख्यांचं म्हणाल तर एकच चालू झाला.

मुलं आणि म्हातारी माणसं एकत्र आणायचा जो प्रकार सर्रास होतो, म्हणजे मुलं स्टेजवर नाचणार आणि आजी-आजोबा खुर्च्यांवर टाळ्या वाजवणार, त्यातून काही निघत नाही. दोघांच्या मध्ये एक काम हवं. ते कानयंत्रवाले आजोबा आणि वाचताना तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा एक मुलगा, अशी जोडी आम्ही लावली ती खरं तर दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून. आजोबा दर ओळीला हात कानामागे धरून म्हणायचे, ‘काय?’ त्यात रागावणं नव्हतं. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. मुलाला शब्द सुटा करून, मोठ्यानं वाचावाच लागायचा. दोन महिन्यांत त्याचा आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला यायला लागला. अमेरिकेत 1990 च्या दशकात ‘एक्स्पिरियन्स कोअर’ नावानं हेच पद्धतशीर केलं गेलं: ज्येष्ठांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक शाळांत पाठवलं, तेही आठवड्याला किमान 15 तास.

आता बेघर कुटुंबांचं. केंद्र घर देऊ शकत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. आशा लावून ठेवणं वाईट. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञांनी ‘आधी घर’ ही पद्धत उभी केली: व्यसन सोडा, उपचार घ्या, मग घर, ही अट उलटी करून घर आधी द्यायचं आणि बाकीची मदत नंतर चालू ठेवायची. फिनलंडनं 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं आणि तिथले दीर्घकाळ बेघर असलेले लोक कमी झाले. पण त्याला सरकार लागतं, घरं लागतात. दोन खोल्यांच्या केंद्राचा वाटा वेगळा आणि फार किरकोळ दिसणारा: टपाल यायला एक पत्ता, कागदपत्रं ठेवायला कुलपाचं कपाट, अंघोळ, कपडे धुणं, फोन चार्ज करणं, झेरॉक्स, आणि कचेरीत बरोबर जाणारं एक माणूस. बरोबर जाणारं माणूस सगळ्यांत मोलाचं. एकटीला ‘उद्या या’ म्हणणारी खिडकी दोघी दिसल्या की जरा सावरून बसते. निवाऱ्यात पाठवायचं असेल तर आधी फोन करून विचारा की वडिलांना आणि मोठ्या मुलाला घेतात का. कित्येक निवारे फक्त बायका आणि लहान मुलांसाठी असतात, आणि छपरासाठी कुटुंब फुटणार असेल तर आई निमूटपणे परत फिरते.

त्या मुलीच्या आईला आजी घेऊन आल्या, तेव्हा आमच्या नोंदणी अर्जावरचा दुसराच रकाना होता ‘पूर्ण पत्ता’. ती पेन धरून बराच वेळ तिथेच थांबली. तो अर्ज मीच तयार केलेला. आता तिथे ‘निरोप कुठे द्यायचा?’ असं छापलंय, आणि मुलांच्या खोलीत नाव न लिहिलेले बंद कप्पे आहेत. ज्याला जे ठेवायचं ते ठेवावं, विचारायचं नाही.

आणि ही सरमिसळ नवी नाही. 1884 मध्ये लंडनला टॉयन्बी हॉल आणि 1889 मध्ये शिकागोला जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांचं हल हाउस सुरू झालं. दोन्ही गरीब वस्तीत राहून शेजाऱ्यांसाठी चालवलेली केंद्रं. हल हाउसमध्ये आधी बालवाडी, मग शेजाऱ्यांना लागलं तसं स्नानगृह, खेळाचं मैदान, बायकांसाठी राहायची सोय, असं एकेक जोडलं गेलं. आपल्याकडे समाजकार्याचं पदवीनंतरचं शिक्षण 1936 मध्ये सुरू झालं, तेही मुंबईच्या नागपाड्यातल्या अशाच एका नेबरहूड हाउसमध्ये, म्हणजे शेजारकेंद्रात. म्हणजे आधी शेजार, मग अभ्यासक्रम.

तुमची शंका सगळीच चूक आहे असं मात्र म्हणणार नाही. चिंध्या होतात, मी पाहिल्यात. वर्षभराच्या निधीवर कार्यक्रम सुरू होतो, निधी संपतो, ओळख झालेली ताई जाते आणि मुलं पुन्हा नव्या ताईला नाव सांगत बसतात. मोठ्या सुटीत, जेव्हा मुलांना जागेची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच केंद्राला कुलूप. एका देणगीदारानं दप्तरं दिली आणि प्रत्येक मुलाचा चेहऱ्यासकट फोटो मागितला; आम्ही नाही म्हटलं, पुढच्या वर्षी दप्तरं आली नाहीत. तुमचं केंद्र कसं आहे हे बघायचं असेल तर माहितीपत्रक वाचू नका. सुटीच्या आठवड्यात जाऊन दार ढकलून बघा आणि गैरहजर माणसाला फोन कोण करतं ते विचारा.

तुमच्या दोन तासांचं म्हणाल तर नवा उपक्रम सुचवू नका, निदान पहिलं वर्ष. तुमच्यासारख्या उत्साही माणसांचे अर्धवट उपक्रम प्रत्येक केंद्राच्या कपाटात असतात, माझाही एक आहे. एक वार, एक वेळ धरा आणि दाराजवळच्या टेबलावर बसा: हजेरी, फोन, अर्ज भरायला मदत. हे काम कुणालाच नको असतं आणि सगळं कळतं ते तिथेच. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. तुमची वाट बघणारं एखादं मूल असतं. आणि मुलांच्या खोलीत बसायचं असेल तर केंद्रानं तुमची ओळखपत्रं, पूर्वीच्या कामाची चौकशी हे सगळं आधी मागायला हवं. मागितलं तर राग मानू नका. नाही मागितलं तर का नाही, ते विचारा.