लाखाचे घड्याळ घ्यायचे का?

चि. भाऊ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केळीच्या विक्रीची पट्टी हातात आली आहे, घरचे खुशीने पैसे द्यायला तयार आहेत, आणि क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायची उड्डाणे, सुरू व्हायच्या आत वैमानिकांचे म्हणून विकले जाणारे जीपीएस स्मार्टवॉच घ्यावे का, असे तू विचारले आहेस. उत्तर आधीच सांगतो: आत्ता घेऊ नकोस. शिकाऊ वैमानिकाला मनगटावर अचूक वेळ लागते. आपण कुठे आहोत हे नकाशा, कंपास आणि त्या वेळेवरून त्याला स्वतः काढता आले पाहिजे, आणि ते अंगवळणी पडायचे दिवस हेच आहेत.

वेळ म्हणजे तास, मिनिटे आणि सेकंद, तिन्ही. पॅनेलवर घड्याळ असते खरे, पण शिकवणीच्या जुन्या विमानांत ते बंद असणे किंवा मिनिटभर पुढे-मागे असणे काही नवे नाही.

आता जळगावहून धुळ्याला परतीचा लेग, म्हणजे टप्पा, घे. अंतर साधारण ४८ नॉटिकल मैल (पुढे नुसते मैल म्हणतो), तोंड जवळपास पश्चिमेला. एरंडोल १७ मैलांवर, पारोळा २९ मैलांवर. नॅव्ह लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या आखणीच्या कागदावर, तू ग्राउंडस्पीड (जमिनीवरचा वेग) ९० नॉट, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैल, धरली आहेस, म्हणजे एरंडोल ११ मिनिटे २० सेकंदांनी आणि धुळे ३२ मिनिटांनी यायला हवे. जळगावच्या ओव्हरहेडला, म्हणजे बरोबर वर असताना, स्टॉपवॉच सुरू केलेस आणि एरंडोल आले तेव्हा १३ मिनिटे झाली होती. १७ भागिले १३ गुणिले ६०, म्हणजे ७८ नॉट. समोरचा वारा अंदाजापेक्षा १२ नॉटने जास्त आहे. उरलेल्या ३१ मैलांना २४ मिनिटे लागणार, धुळे ३७व्या मिनिटाला. लॉगवर लिहायचे, रेडिओवर सुधारित ईटीए (पोहोचण्याची अपेक्षित वेळ) द्यायचा आणि इंधनाचा आकडा पुन्हा मांडायचा. हाच वारा १५० मैलांच्या लेगवर भेटला तर पावणेदोन तासांऐवजी दोन तास वगैरे ढोबळ बोलून भागत नाही. नीट मांड: ९० नॉटने १०० मिनिटे, ७८ नॉटने ११५. सेसना १७२ तासाला ३२-३४ लिटर पीत असेल तर हे आठ लिटर जास्तीचे, आणि दिवसाच्या व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर पाहत करायच्या) उड्डाणासाठी ठेवलेल्या अर्ध्या तासाच्या राखीव साठ्यातला निम्मा वेळ त्यात गेला. सीपीएलसाठी (व्यावसायिक परवान्यासाठी) ३०० मैलांची क्रॉस-कंट्री करशील तेव्हा याच हिशेबावर तुझी भिस्त असेल.

दिशेचेही तसेच. एरंडोल बरोबर खाली न येता डावीकडे दीड मैलावर दिसले, तर तू ट्रॅकच्या, म्हणजे आखलेल्या वाटेच्या, उत्तरेला सरकला आहेस. साठाला एकच्या नियमाने (६० मैलांत एक मैल सरकणे म्हणजे एक अंश) १७ मैलांत दीड मैल म्हणजे साधारण ५ अंश. तेवढे डावीकडे वळलास की ट्रॅकला समांतर झालास. उरलेल्या ३१ मैलांत तो दीड मैल भरून काढायला आणखी ३ अंश. एकूण ८ अंश डावीकडे. हे गणित पंधरा सेकंदांत तोंडी यायला हवे, आणि ते फक्त करून करूनच येते. मनगटावर बाण दाखवणारे यंत्र असले की माणूस बाण पाहतो, गणित करत नाही. चेकराइडला (परवान्याच्या उड्डाण-परीक्षेला) परीक्षकाने जीपीएस बंद करायला सांगितले की हे लगेच उघडे पडते.

आपला मुलूख हे शिकायला चांगला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचे खोरे. धुळे-जळगाव महामार्गावर वाट चुकलीच आणि आपण महामार्गाच्या दक्षिणेला आहोत एवढे जरी नक्की असले, तर उत्तरेला तोंड कर. आधी महामार्ग लागेल, मग अमळनेर-धरणगावची सुरत-भुसावळ रेल्वे, मग तापी. तीन आडव्या रेघा, तिन्ही ठरलेल्या क्रमाने. एक काळजी मात्र घे: नकाशावर निळ्या दिसणाऱ्या बोरी आणि पांझरा मे महिन्यात वरून वाळूच्या पट्ट्यासारख्या दिसतात. निळे पाणी शोधत बसलास तर नदी ओलांडूनही कळणार नाही. पात्राचे वळण आणि त्यावरचा पूल, या जोडीने ओळख पटव.

आता त्या महागड्या घड्याळात प्रत्यक्ष काय मिळते ते पाहू. गार्मिनची डी२ मालिका वैमानिकांसाठीच बनवलेली आहे आणि वस्तू म्हणून उत्तम आहे. जवळचा विमानतळ, तिथवरची दिशा आणि अंतर, ग्राउंडस्पीड, उंची, हवामानाचे मेटार (विमानतळाचा ताजा हवामान-अहवाल), उड्डाणाची आपोआप नोंद, हे सगळे त्यात येते. यातली प्रत्येक गोष्ट कुठे तोकडी पडते हे ठाऊक असल्याशिवाय ते हातात बांधू नये.

सर्वांत जास्त धोका ग्राउंडस्पीडचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. घड्याळाला जमिनीवरचा वेग कळतो, हवेतला कळत नाही. डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडायच्या बाजूवर) मागून १५ नॉटचा वारा आहे, एअरस्पीड इंडिकेटर ८० दाखवतो आणि मनगट ९५. नवख्या डोळ्याला वाटते, वेग फार झाला. तो थ्रॉटल ओढतो, नाक उचलतो आणि मनगटावर ६५ आणून ठेवतो. तेव्हा खरा एअरस्पीड उरतो ५०. फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) वर असताना १७२एस साधारण ४८ नॉटला स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते. त्यात ३० अंश बँक घेऊन (विमान कलवून) बेसला, म्हणजे धावपट्टीला आडव्या बाजूला, वळलास की तोच आकडा ५१-५२ वर जातो. एवढ्या कमी उंचीवर स्टॉल झाला तर सावरायला जागा नसते. म्हणून सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) एअरस्पीड फक्त पॅनेलवर पाहायचा. जीपीएस घड्याळ बांधलेच तर त्याचा वेगाचा पडदा सर्किटमध्ये बंद हवा.

उंचीचे तसेच. घड्याळातला दाबमापक कॉकपिटमधला दाब मोजतो. विमानाचा अल्टिमीटर बाहेरच्या स्टॅटिक पोर्टवरून (दाब घेणाऱ्या छिद्रावरून) मोजतो. सेसनाच्या केबिनमधला दाब उड्डाणात बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून घड्याळ थोडी जास्त उंची सांगते. घामाने किंवा धुळीने सेन्सरची छिद्रे बुजली तर आकडा कसाही भरकटतो. शिवाय क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक दाब, जो उंचीसाठी लावावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब रोजच चार-एक हेक्टोपास्कल उतरतो. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ ते ३० फूट धर, म्हणजे शंभरावर फुटांचा फरक. अल्टिमीटरवर तू नवा क्यूएनएच लावतोस, घड्याळात लावायचे राहून जाते. पुढे एअरलाइनच्या विमानात बसलास की हे घड्याळ केबिनची उंची दाखवेल, विमानाची नाही.

मेटारसाठी घड्याळाला फोन लागतो, फोनला नेटवर्क लागते, आणि चार हजार फुटांवर ते भरवशाचे नसते. प्रत्येक छोट्या धावपट्टीचा मेटार निघतही नाही. निघण्याआधी जमिनीवर बसून आजूबाजूच्या स्टेशनांचे मेटार नि टाफ (पुढच्या तासांचा हवामान-अंदाज) वाचून वहीत उतरवलेले बरे. घड्याळावर ‘डायरेक्ट टू’ दाबले की सरळ रेघ निघते. ती रेघ कोणाच्या हवाई हद्दीतून जाते हे चार्टवर तूच पाहायचे आहेस. नाशिककडे जाताना ओझरच्या विमानतळाच्या बाबतीत हे पक्के लक्षात ठेव. जीपीएसच्या संदेशातच खोट घातली जाते, असेही आता आपल्या देशात घडते. २०२५च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या परिसरात विमानांना चुकीची जागा दिसू लागली होती. मोठ्या विमानांना जे भोवते ते मनगटावरच्या घड्याळालाही भोवणारच.

आपोआप नोंदीचा मोह मोठा असतो. पण घड्याळ विमान हवेत गेल्याचे ओळखते, आणि तुझ्या लॉगबुकातला वेळ विमान उड्डाणासाठी हलले तेव्हापासून ते शेवटी थांबेपर्यंतचा असतो. टॅक्सी (जमिनीवर चालवत नेणे) आणि रनअप (उड्डाणाआधी इंजिन तपासणे) धरून दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज पडतो. क्लबच्या फ्लाइट लॉगशी न जुळणारे आकडे लॉगबुकात गेले की परवान्याच्या वेळी खुलासे देत बसावे लागते. चॉक्स ऑफ आणि चॉक्स ऑन, म्हणजे चाकांचे अडसर काढल्याची आणि लावल्याची वेळ, हाताने लिही.

आणि आपला उन्हाळा. ४४-४५ अंशांच्या दिवसात बंद कॉकपिट कितीतरी जास्त तापते. या घड्याळांची लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. डॅशबोर्डवर ठेवलेले घड्याळ चार्जिंग नाकारते आणि बॅटरीचे आयुष्यही घटते. चुंबक असलेला चार्जर किंवा फोनचा स्टँड ग्लेअरशील्डवर (पॅनेलच्या वरच्या कडेवर) कंपासजवळ कधीच ठेवू नकोस. कंपास काही अंश चुकतो आणि वर लावलेले डेव्हिएशन कार्ड (कंपासची चूक लिहिलेली चिठ्ठी) निरर्थक होते.

मग घ्यायचे काय? मोठे आकडे असलेले डिजिटल क्वार्ट्झ घड्याळ, ज्यात २४ तासांची पद्धत, दोन ठिकाणच्या वेळा, स्टॉपवॉच आणि काउंटडाउन टायमर आहे. कॅसिओचे एई-१२०० यात चपखल बसते आणि काही हजारांत मिळते. बॅटरी दहा वर्षांची. महिन्याला तीस सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला फोनच्या नेटवर्क वेळेशी जुळव. होम टाइम यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेव आणि वर्ल्ड टाइमला दिल्ली. फ्लाइट प्लॅन, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), मेटार सगळे यूटीसीत असते, त्यामुळे मोठ्या आकड्यात तेच दिसले पाहिजे. पहाटे साडेपाचच्या आधी यूटीसीत आदल्या दिवसाची तारीख चालू असते, हे पहाटेचा प्लॅन भरताना विसरू नकोस.

दिसायला सुंदर म्हणून चौथ्या काट्याचे जीएमटी घड्याळ घ्यायचा विचार असेल तर थांब. त्यात मिनिटकाटा एकच असतो. भारताची वेळ साडेपाच तासांनी पुढे, म्हणून यूटीसीची मिनिटे वाचताना दर वेळी अर्धा तास मनात वजा करावा लागतो. कामाच्या गडबडीत चूक इथेच होते.

पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा घे. बॅटरीच्या टर्मिनलजवळ हात जातो तेव्हा धातूच्या पट्ट्याने शॉर्ट झाला तर मनगट भाजते. विकत घेण्याआधी विमानात बसून बघ: डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर असताना हात न उचलता आकडे दिसतात का? अनेकांना मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेले सोयीचे पडते. पोलराइज्ड गॉगल मात्र नको. त्यातून असल्या घड्याळाचा एलसीडी आणि ग्लास कॉकपिटचे पडदे ठरावीक कोनात काळे दिसतात.

टायमरची सवय पहिल्या दिवसापासून लाव. पायपर विमानावर उडणार असशील तर दर तीस मिनिटांनी टाकी बदलायला. दिशा दाखवणारा जायरो बंद पडला तर कंपास आणि घड्याळावर वळायला: सेकंदाला ३ अंश, ९० अंशांना ३० सेकंद.

उरलेल्या पैशांतला पहिला वाटा चांगल्या हेडसेटला दे. सेसनाच्या आवाजात शेकडो तास बसायचे आहे आणि क्लास वन मेडिकलला ऑडिओग्राम असतो. गमावलेले कान परत मिळत नाहीत. मग नीबोर्ड (मांडीवर बांधायची पाटी), लाल उजेडाची छोटी टॉर्च आणि ई६बी (उड्डाणाच्या हिशेबाची चकती). ई६बी प्लास्टिकचे असेल तर उन्हात सोडू नकोस. चकती वाकली की सरकत नाही आणि वाचनही चुकते. तरीही शिल्लक राहील ती उड्डाणाच्या तासांना लाव. लाखभरात काही तास नक्की निघतात. ते उन्हाळ्यातल्या दुपारच्या टेकऑफचा सराव करायला वापर. धुळे-जळगावच्या धावपट्ट्या आठ-नऊशे फुटांवर आहेत, पण ४४ अंशांना विमानाला त्या पाच हजार फुटांवर असल्यासारख्या वाटतात. रोल किती लांबतो आणि चढ किती मंदावतो, ते प्रशिक्षकाला शेजारी बसवून पाहा.

पुढे नोकरीला लागलास, दर आठवड्याला वेगळ्या शहरात झोपू लागलास, तेव्हा कंपनाने उठवणारे आणि वेळ आपोआप बदलणारे घड्याळ स्वतःच्या पगारातून जरूर घे. तेव्हा त्याचा खरा उपयोग आहे. आत्ताच कोणी भेट दिलेच तर नाकारू नकोस. उडताना नोटिफिकेशन्स आणि फोनची जोडणी बंद, पडद्यावर फक्त यूटीसी आणि स्टॉपवॉच, एवढे कर. जागेचा पडदा खरोखर वाट हरवली तरच उघड. आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षेला जाताना ते घरीच ठेव. हॉलमध्ये चालत नाही.

जळगावच्या सोलोआधी (एकट्याच्या उड्डाणाआधी) भरलेला नॅव्ह लॉग पाठव, वाऱ्याचा हिशेबही सोबत असू दे. परत आल्यावर त्याच कागदावर प्रत्यक्ष वेळा लिहून पुन्हा पाठव. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

तुझा हितचिंतक