ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर : हेड गॅस्केटच गेलं का?
पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढताना डिझेल गाडी तापली, आता ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर दिसतोय, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं का, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या झाकणावरून ठरवू नका. पावसाळ्यात गाडी गावातल्या गावातच फिरली तर वाफ साचूनही तसा थर धरतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल, किंवा न भरता पातळी वाढली असेल, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये शिरलंय. मग गाडी अजिबात चालू करू नका, टो करूनच न्या. असलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

डिपस्टिक स्वच्छ, पण कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल तर आधी ऑइल कूलर (कूलंटच्या मदतीने ऑइल गार करणारा भाग) बघायला सांगा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की तेल तिकडे जातं. (टाकीचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा.)

मेकॅनिक लगेच हेड उतरवायला निघाला तर थांबवा. आधी कूलंटची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं), मग कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजणं). शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत कॉम्प्रेशन कमी आलं, तर गॅस्केटचा संशय बळावतो. हेड उतरवलंच, तर ते वाकलंय का हे तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.