लाव्ह्या जोडीने ठेवाव्यात की गटाने?

प्रश्न (संगमेश्वर तालुका): घरच्या अंड्यांपुरत्या १२ जपानी लाव्ह्या (बटेर) आणल्या, दीड महिन्याच्या. पिंजरा २ फूट बाय दीड फूट. आठवड्यात तिघींची डोकी रक्तबंबाळ झाली. शेजारी म्हणतात, जोड्या लावा. काय करू?

उत्तर: ताई, जोड्या लावू नका. पिंजरा साधारण २,८०० चौरस सेंमीचा आहे आणि मोठ्या लाव्हीला २०० ते २५० चौरस सेंमी लागतात. म्हणजे जागा जेमतेम का होईना, पुरते. भांडण नरांमुळे होत असणार. दीड महिन्यात नर वयात येतात आणि एकमेकांच्या डोक्यावर टोचतात. एकाला एकच मादी दिली, तर दिवसभर तिचीच मानगूट धरतो. तिची पिसे जातात, मग कातडी.

आज संध्याकाळीच नर निवडा. नराची छाती सरसकट तांबूस, मादीची फिकट आणि तिच्यावर काळे ठिपके. तरी शंका वाटली तर शेपटीखाली हलके दाबा. वयात आलेल्या नराला तिथे फुगीर गाठ असते, पांढरा फेस येतो.

खायच्या अंड्यांना नर लागतच नाही. हे सांगितले की बहुतेकांना खरे वाटत नाही! माद्या एकत्र ठेवा. पिल्ले काढायची असतील तरच तीन माद्यांमागे एक नर. पण ही लाव्ही सहसा खुडूक बसत नाही, अंडी यंत्रात किंवा कोंबडीखाली १७-१८ दिवस उबवावी लागतात. उरलेले नर विकून टाका.

जखमी माद्या वेगळ्या काढून पोव्हिडोन आयोडीन लावा. खपली धरल्याशिवाय परत सोडू नका, रक्त दिसले की बाकीच्याही टोचतात. परत सोडताना अंधार पडल्यावर, आणि खाद्य-पाण्याची भांडी जागा बदलून.

एक राहिलेच. दचकली की लाव्ही सरळ वर उडी मारते. छत जाळीचे असेल तर आतून गोणपाट ताणून बांधा; डोक्याच्या काही जखमा त्यानेही झाल्या असतील.

कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवू का, असेही आपण विचारले आहे. नको. मोठ्या कोंबड्या मारतात, आणि त्यांचे रोगही लागतात.