कपाटांची कुलपे आधी, टॅब नंतर

प्रश्न : ठाण्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सुमारे सहा हजार पुस्तके कुलूपबंद लोखंडी कपाटांत आहेत. माजी विद्यार्थ्यांनी दोन लाख रुपये देऊ केले असून शाळा समितीचा कल टॅब घेण्याकडे आहे. ग्रंथपाल म्हणून मी सुरुवात कोठून करावी?
— एक ग्रंथपाल, ठाणे (पश्चिम)

उत्तर : टॅबचा विषय तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रथम दाखल नोंदवही समोर घेऊन पुस्तकांची पडताळणी करा आणि जीर्ण व कालबाह्य प्रती समितीच्या ठरावाने रीतसर बाद करा. अन्यथा उद्या रद्दीत जाणाऱ्या पुस्तकांच्या नोंदी आज संगणकावर करत बसावे लागेल. त्यानंतर कपाटांऐवजी पाचवीच्या मुलाचा हात वरच्या फळीपर्यंत पोहोचेल एवढ्याच उंचीच्या उघड्या मांडण्या करून घ्या व त्या भिंतीपासून थोड्या सोडून ठेवा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतीची ओल आणि बंद कपाटात कोंडलेली दमट हवा यांमुळेच पुस्तकांना बुरशी लागते. देवघेवीचे टेबल दाराशी असावे. काही पुस्तके हरवतील, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून टाकलेले बरे.

मांडणीसाठी ड्युई दशांश पद्धत (विषयाला क्रमांक देऊन पुस्तके लावण्याची पद्धत) जरूर वापरा, पण तिच्यात मराठी साहित्याचा मूळ क्रमांक ८९१.४६ हा असल्याने शाळेतील निम्मी पुस्तके त्या एकाच क्रमांकाखाली गोळा होतात. म्हणून कविता, नाटक, कथा-कादंबरी यांना पुढचे उपक्रमांक द्या आणि मुलांसाठी रंगीत पट्ट्याही लावा.

संगणकीकरणासाठी 'कोहा' ही ग्रंथालयाच्या कामाची संगणक प्रणाली मोफत मिळते. ती २००० साली न्यूझीलंडमध्ये वापरात आली आणि माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ 'भेट' असा आहे, जो आपल्या देणगीला शोभून दिसतो! मात्र ती नेहमीच्या विंडोजवर नव्हे, तर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालते, त्यामुळे त्यातले जाणणारा एखादा माजी विद्यार्थी पैशांइतकाच मोलाचा ठरेल. एक संगणक, बारकोड वाचणारे एक यंत्र आणि बारकोडच्या चिकटपट्ट्या एवढ्यावर काम सुरू होते.

खरी मेहनत नोंदींची आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसल्याने त्यांची माहिती हातानेच भरावी लागेल, आणि ती युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता व शोधता येईल अशा देवनागरीत, भरावी. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मुखपृष्ठांवर 'गांव', 'नांव' असे अनुस्वार आढळतात; नोंद तशीच राहिली, तर 'गाव' असे टंकणाऱ्या मुलाला ते पुस्तक सापडेलच असे नाही. अशा ठिकाणी मूळ शीर्षकाबरोबर आजचे रूपही पर्यायी शीर्षक म्हणून नोंदवा. लेखकांच्या आडनावांतील 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' यांचीही हीच गत होते.

सहा हजारांचा डोंगर एकदम उपसू नका. एका कपाटातील पुस्तकांच्या नोंदी पूर्ण झाल्या, की सहावीच्या चार-पाच मुलांना संगणकापुढे बसवा आणि ती शोधचौकटीत नेमके कोणते शब्द टंकतात ते वहीत टिपून घ्या. पुढच्या कपाटाच्या नोंदी त्या वहीकडे पाहून करा.