हवा किती भरू, काका?

प्रश्न : काका, नमस्कार. मार्चमध्ये जुनी फोर बाय फोर घेतली, डिझेल. आधीच्या मालकाने कंपनीचे टायर काढून जाड नक्षीचे एटी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर घातलेत. दरवाजाच्या खांबावरची चिठ्ठी सांगते ३० पीएसआय, गाडी भरलेली असेल तर मागे ३५. टायरच्या अंगावर ५० छापलंय. माजिवड्याच्या टायरवाल्याने ४० मारली, पेट्रोल पंपावरचा मुलगा न विचारता ३५ करतो, आणि ऑफिसातला ऑफरोडिंगवाला मित्र म्हणतो, उन्हाळा आहे, २६ ठेव, नाहीतर फुटेल. मे महिन्यात पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन समृद्धीने मेहकरला सासुरवाडीला निघायचंय. शेवटचे चार किलोमीटर शेतरस्ता आहे. कोणाचं ऐकू? — एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : चौघांपैकी मित्राचं तर मुळीच ऐकू नका. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज मी एसटीच्या वर्कशॉपला लागलो तेव्हाही होता आणि निवृत्त झालो तेव्हाही होता. टायर फुटतो तो बहुतेक वेळा आत हवा जास्त झाली म्हणून नाही, तापला म्हणून. आणि हवा कमी असली की तो जास्त तापतो. लोखंडी तार दहा वेळा इकडून तिकडे वाकवा, हाताला चटका बसतो ना? तसंच. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात गालातून, म्हणजे बाजूच्या भिंतीतून, दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. त्यावर पाच माणसं, आंबे, मेचं ऊन आणि समृद्धीचं काँक्रीट. २६ पाउंडांवर (आम्ही पाउंडच म्हणायचो, तुमचं पीएसआय तेच) १२० च्या मर्यादेला टेकून गाडी पळवलीत, तर सासुरवाडीला पोचाल याची खात्री मी देणार नाही.

आता ५० चा आकडा. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठी सल्ला नव्हे. चिठ्ठीवरचा आकडा गाडी बनवणाऱ्याने वजन मोजून ठरवलेला असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. फक्त तो कंपनीच्या मूळ टायरसाठी आहे. तुमच्या टायरवर साइझच्या आधी ‘एलटी’ अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर ते हलक्या ट्रकच्या जातीचे टायर. तेवढंच वजन पेलायला त्यांना चार-पाच पाउंड जास्त लागतात. ५० छापलंय म्हणता, त्यावरून मला तोच वास येतोय. तसं असेल तर भरल्या गाडीला पुढे ३४-३५, मागे ३९-४० पासून सुरुवात करा. म्हणजे माजिवड्याचा टायरवाला मागच्या टायरपुरता फारसा चुकलेला नाही, पण चारही टायरांना ४० मारली ते चूक. रिकाम्या गाडीला तेवढ्यावर घोडबंदर रोडचा प्रत्येक खड्डा मणक्यात मोजता येईल, आणि नक्षी मधूनच झिजेल.

वाकलेच आहात तर टायरची तारीखही बघून घ्या. गालावर ‘डॉट’च्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी जुनी, टायर कोणी कधी घातले तुम्हाला ठाऊक नाही. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही छान दिसो, जाणत्याला दाखवल्याशिवाय समृद्धीवर चढू नका.

मग एक रविवार काढा. सकाळी गाडी रात्रभर उभी आहे तिथेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, टायर मोजून आकडे लिहून ठेवा. माणसं भरा (शेजाऱ्यांना मिसळीचं आमिष दाखवा, येतात) आणि नाशिक हायवेने शहापूरपर्यंत एका दमात जा. थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. साध्या टायरमध्ये चारेक पाउंड वाढले, एलटीमध्ये सहाच्या आसपास, तर सकाळचा आकडा बरोबर होता. आठ-दहा वाढले तर टायर मऊ होता, जास्त दबला, जास्त तापला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पाउंड वाढवा. हो, वाढवा! गरम टायरात दाब जास्त दिसतोय म्हणून हवा वाढवायची, हे लोकांच्या गळी उतरवताना माझी नोकरी संपली. उलट दोनच पाउंड वाढले, तर हवा जरुरीपेक्षा जास्त आहे, थोडी काढा. हा अंदाज आहे, पण चांगला अंदाज आहे.

आणि गरम टायरातली हवा काढायची नाही. हा गाढवपणा मी स्वतः केलेला आहे, पस्तीस वर्षांच्या अनुभवासकट. मुलाच्या गाडीने इगतपुरीला गेलो होतो. उतरल्यावर हवा मोजायचा गेज लावला तर ३८. सवयीने ३२ वर आणली आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तर २७. टायर सहा अंशांनी तापला की साधारण एक पाउंड चढतो, आणि निवला की तेवढाच उतरतो. मी तापलेल्या अंगावरून औषध ठरवलं होतं.

म्हणून पंपावरच्या मुलावर रागावू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. स्वतःचा गेज घ्या, फार महाग नसतो. घरी थंड टायर मोजा. समजा तीन पाउंड कमी निघाले. पंपावर पोचेपर्यंत टायर तापला असेल, तर तिथे जो आकडा दिसेल त्यात तीन मिळवून भरायला सांगा. तो वाद घालेल. घालू द्या. आमच्या आगारात टायरवर टॉमी (लोखंडी पहार) आपटून आवाजावरून हवा सांगणारे वस्ताद होते. शंभर पाउंडांच्या बसला ते चालून जायचं. पण २८ आणि ३४ मधला फरक टॉमीला कळत नाही आणि बुटाच्या लाथेलाही कळत नाही.

मित्राचा २६ चा आकडा कच्च्या रस्त्याचा आहे. दगडगोट्यांवर, कमी वेगात, पंचवीसच्या आसपास हवा ठेवली तर टायर खडे झेलतो, गाडी कमी आदळते. वाळूत १६-१८ पर्यंतही उतरवतात, कारण टायर लांबट पसरतो आणि रुतत नाही. पण मग वेग वीस-तीसच्या आत, वळण हळू, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबर लागताच पुन्हा भरायची, म्हणजे गाडीत बारा व्होल्टचा पंप हवा आणि चार टायरांसाठी अर्धा तास. (वाळू म्हटल्यावर काशीद-नागाव डोळ्यांपुढे आलं असेल तर विसरा. रायगडात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवलेत.) तुमच्या चार किलोमीटरसाठी मी वॉल्व्हला हातही लावणार नाही. हळू चालवा, झालं. अवकाळी पाऊस पडला तर मात्र मेहकरची काळी माती आहे, लक्षात ठेवा. ती नक्षीत थापून बसते आणि टायर गोटा होतो. तिथे हवा कमी करून काही साधत नाही. ऊन पडेपर्यंत मेहुण्याकडे चहा प्या.

गाडीला फोर-हायचा (चारही चाकांना जोर देणारा) दांडा असेल तर कोरड्या काँक्रीटवर तो टू-हायलाच, म्हणजे दोन चाकांवरच, राहू द्या. आणि स्टेपनीत हवा भरून घ्या, तिला सगळे विसरतात.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी काढली की टायरचा पिवळा दिवा लागतो, पाम बीच रोड संपेपर्यंत आपोआप विझतो. सेन्सर बिघडलाय का? टायरमध्ये नायट्रोजन आहे. — एक वाचक, नेरूळ

उत्तर : सेन्सर शुद्धीवर आहे. हवा काठावर आलीये, थंडीत ती दिव्याच्या रेषेखाली जाते, टायर तापला की वर येते. नायट्रोजनही थंडीत आकसतो, आणि साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. उद्या सकाळी निघण्याआधी मोजा आणि चिठ्ठीवरच्या आकड्यापर्यंत भरा, साधी हवा भरली तरी चालेल. आठवड्यात पुन्हा दिवा लागला तर खिळा शोधा.