वीज गेल्यानंतर संगणक हार्ड डिस्कवरून सुरू होत नाही; डिस्क गेली असे समजावे का?

आपण लिहिले आहे की इंदूरच्या घरी दहा-अकरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे, त्यात १ टेराबाइटची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे, आणि पावसात वीज जाऊन परत आल्यापासून काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच ओळ येते. दुकानदाराने फोनवरच डिस्क गेल्याचे सांगितले आणि फॉरमॅट करून पाहू, नाही तर नवा संगणक घ्या, असा सल्ला दिला. डिस्कमध्ये वडिलांनी टंकलेली घराण्याची वंशावळ आणि मुंजी-लग्नांचे फोटो आहेत व त्यांची दुसरी प्रत नाही.

मी इंदूरमध्येच घरगुती संगणकांच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि आपल्याला पहिली विनंती अशी की आतील मजकूर दुसरीकडे उतरवून होईपर्यंत या डिस्कवर कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये. विंडोज पुन्हा केव्हाही घालता येते. वंशावळ पुन्हा टंकायला वडिलांची स्मरणशक्ती आणि त्यांचे कागद दोन्ही लागतील. शिवाय त्या ओळीचा अर्थ डिस्क गेली असा होत नाही. ज्यावरून सुरू होता येईल असे काही सापडले नाही, इतकेच संगणक सांगतो आहे. डिस्क दिसतच नाही, की दिसते पण तिच्याकडे पाहिले जात नाही, की पाहिले जाते पण तिच्यावरील सुरुवातीचा भाग बिघडला आहे, या तिन्ही वेळी हीच ओळ येऊ शकते, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आपल्या प्रश्नात शेवटी ओघात आलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: गेले काही महिने संगणकाचे घड्याळ सकाळी मागे पडलेले असे. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातील मुख्य पट्टीवर, रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी ३ व्होल्टची एक गोल बॅटरी असते. बाजारात ती सीआर २०३२ या नावाने मिळते. भिंतीवरचे बटण चालू असेल तोपर्यंत घड्याळाला आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालून संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदींना पॉवर सप्लायकडून वीज मिळत राहते, बटण बंद झाले की सगळा भार या सेलवर येतो. आपल्याकडे रात्री बोर्डावरचे बटण बंद करण्याची पद्धत घरोघरी आहे, त्यामुळे जुन्या संगणकांत हा सेल बराच वापरला गेलेला असतो. तो संपत आला की आधी घड्याळ मागे पडते आणि मग एखाद्या दिवशी वीज जाते तेव्हा बायोसमधील नोंदी पुसल्या जाऊन कारखान्यातून आल्या तशा होतात. माझा पहिला संशय याच गोष्टीवर आहे.

तो तपासायला काही उघडावे लागत नाही. जोडलेले पेन ड्राइव्ह काढून ठेवा, संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबा आणि बायोसचा पडदा आला की आधी तारीख पाहा. तेथे काही वर्षांपूर्वीची १ जानेवारी किंवा अशीच जुनी तारीख दिसली, तर नोंदी पुसल्या गेल्या असे धरायला हरकत नाही. मग साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) उपकरणांच्या यादीत आपल्या डिस्कचे नाव किंवा मॉडेल क्रमांक दिसतो का ते पाहा, कारण पुढचा मार्ग यावरच ठरतो.

नाव दिसत असेल, तर बूटच्या, म्हणजे संगणक कशावरून सुरू व्हायचा ते ठरवणाऱ्या, पानावर हार्ड डिस्क पहिल्या क्रमांकावर आहे का आणि बूटची पद्धत कोणती आहे, हे पाहावे. त्या काळातील बरेच संगणक लिगसी या जुन्या पद्धतीने सुरू होत असत आणि त्यांची डिस्क एमबीआर या जुन्याच पद्धतीने विभागलेली असे. नोंदी पुसल्यावर बायोस केवळ यूईएफआय या नव्या पद्धतीवर गेला, तर तीच निरोगी डिस्क समोर असूनही तिच्यावरून सुरू होता येत नाही. अशा वेळी सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारा पर्याय) किंवा लिगसी हा पर्याय पुन्हा चालू करून बदल जतन करावा. येथे कृपया घाई करू नका: एका वेळी एकच पर्याय बदला आणि बदलण्यापूर्वी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साटाच्या पानावर एएचसीआय, आयडीई आणि रेड असे डिस्क हाताळण्याच्या पद्धतींचे पर्याय दिसतील, तेही या प्रसंगात बदललेले असू शकतात. मात्र त्यातील चूक बहुधा विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडकण्याच्या रूपाने दिसते, त्यामुळे आपल्या लक्षणावरून मी त्याला आत्ता हात लावणार नाही.

नाव दिसतच नसेल, तर संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि मग कॅबिनेटची बाजू उघडा. डिस्कला दोन जोडण्या असतात, ७ पिनांची माहितीची आणि १५ पिनांची विजेची. दोन्ही काढून सरळ, पूर्ण आत बसवाव्यात. माहितीची केबल बदलून पाहावी आणि मदरबोर्डवर दुसऱ्या साटा जागेत लावून पाहावी. धूळ आणि दमट हवा यांनी सैल झालेली केबल हे कारण दिसायला क्षुल्लक असले तरी नेहमीचे आहे. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. आणि वीज लावल्यावर डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्, टक्’ असा आवाज येत असेल, तर तत्क्षणी संगणक बंद करा व पुन्हा सुरू करू नका. आतील वाचणारे हेड बिघडल्याची ती खूण असू शकते, आणि प्रत्येक वेळी फिरवताना तबकडीवर ओरखडे पडून उरलेला मजकूरही जाऊ शकतो. तशी डिस्क घरगुती उपायांची राहत नाही. ती डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी.

बायोसची दुरुस्ती करूनही विंडोज येत नसेल आणि डिस्क आवाज न करता दिसत असेल, तर आधी मजकूर उतरवून घ्यावा. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे यूएसबीचा अडॅप्टर घेताना त्याच्यासोबत भिंतीत लावायचा वेगळा चार्जर आहे ना, हे पाहून घ्या. केवळ यूएसबीवर चालणारे अडॅप्टर लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कसाठी असतात. आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये असे अडॅप्टर आणि सेल दोन्ही मिळतील. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करा’ किंवा ‘तपासून दुरुस्त करा’ असे विचारले, तर दोन्हींना नकार द्या. आधी वंशावळीची फाइल, मग फोटो, आणि बाकीचे त्यानंतर, अशा क्रमाने प्रत काढा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पाहता येते. त्यात ०५, सी५ आणि सी६ या, डिस्कवरील खराब जागा मोजणाऱ्या, ओळींच्या मूळ किमती शून्य असतील तर उत्तम, त्या वाढत असतील तर डिस्कचा निरोप घेण्याची वेळ आली आहे.

मजकूर हाती आल्यानंतरच बूटची दुरुस्ती करावी. एमबीआर डिस्कवर सुरुवातीचा कार्यक्रम आणि विभागांची नोंद पहिल्या ५१२ बाइटमध्ये असते, आणि वीज अचानक गेली तर हा भाग किंवा विंडोजच्या बूटच्या फाइली बिघडू शकतात, जरी बाकीचा मजकूर जसाच्या तसा असला तरी. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घालण्याचा संच तयार करा (पेन ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते) आणि आपल्या संगणकावर तो पेन ड्राइव्ह लिगसी पद्धतीनेच सुरू करा, कारण डिस्क एका पद्धतीची आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने सुरू झाला तर दुरुस्ती लागू पडत नाही. ‘इन्स्टॉल’ऐवजी खालच्या कोपऱ्यातील ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे.

नव्या संगणकाबद्दल: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे आहे, परंतु त्याचा या बिघाडाशी संबंध नाही, आणि त्या कारणाने आज निर्णय घेण्याची गरज नाही. सेल मात्र आजच बदला, नाही तर आज बसवलेल्या नोंदी पुढच्या वेळी वीज गेल्यावर पुन्हा पुसल्या जातील. बायोसमधील तारीख, डिस्कचे नाव दिसते की नाही आणि आवाज येतो का, या तीन गोष्टी येथेच लिहिल्यात, तर पुढचे नेमके पाऊल सांगू शकेन.